पुण्यात राहून लात्वियाच्या विचारांचा इतिहास शिकायचाय? मग आधी हे वाचा

आधीच सांगून टाकते, लात्वियन आणि लॅटिन या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि लात्विया दक्षिण अमेरिकेत नाही, बाल्टिक समुद्राच्या काठावर आहे, वर एस्टोनिया, खाली लिथुआनिया. हे पाठच करून ठेवा कारण पुढची पाच-सहा वर्षं रोज लागणार आहे, लग्नाच्या पंगतीत लागेल, बँकेत लागेल, माझ्या बाबतीत तर थेट आरआरसीसमोर (पीएचडीचा विषय मंजूर करणारी विद्यापीठाची समिती) लागलं. एका सरांनी फार आपुलकीने विचारलं, "मग तुमचं लॅटिन कसं आहे?" मी म्हटलं सर, लॅटिन नाही येत. ते म्हणाले, मग कसं होणार. टॉपिक परत आला.

लिहायला बसले कारण गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी विचारलं की ताई तुम्ही हे जे काय करताय ते करायचं कसं, आणि प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाईप करून बोटं दुखली. मी तत्त्वज्ञानात एमए केलं, नेट झालं, आता पीएचडीचं पाचवं वर्ष चालूये आणि कोथरूडकडच्या एका कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासागणिक पैसे) तर्कशास्त्र शिकवते. म्हणजे मी काही पोचलेली नाही, अर्ध्या वाटेवर आहे, पण खड्डे कुठे आहेत ते माहीत झालेत.

देश नंतर, प्रश्न आधी

बहुतेक लोक या विषयाकडे चुकीच्या दारातून येतात, मीही तशीच आले. एमएला कांट शिकताना कळलं की 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' १७८१ मध्ये रिगाच्या (म्हणजे लात्वियाची राजधानी) हार्टक्नोख नावाच्या प्रकाशकाने काढलं. मग कळलं जर्मन विचारवंत हेर्डर १७६४ ते १७६९ रिगातच होता, तिथल्या कॅथेड्रलच्या शाळेत मास्तर. तत्त्वज्ञ निकोलाय हार्टमान १८८२ साली रिगात जन्मला, आणखी एक तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन १९०९ साली. मी एकदम खूश, म्हटलं केवढं गाव आहे हे, यावरच करू.

पण ही यादी रिगाची झाली, लात्वियन लोकांची नाही झाली. कांटचं पुस्तक जर्मन, हार्टक्नोख जर्मन, शाळा जर्मन. शेतात राबणारा माणूस लात्वियन बोलायचा आणि तो जर्मन जमीनदाराचा वेठबिगार होता. त्याच्या भाषेत गाणी होती, बायबल होतं (ग्ल्युक नावाच्या पाद्र्याने सतराव्या शतकाच्या शेवटी केलेलं भाषांतर), पण त्या भाषेत विचार करता येतो, पुस्तक लिहिता येतं, हे सुशिक्षित मंडळींना पटतच नव्हतं. लात्वियाचा बौद्धिक इतिहास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो, शेतकऱ्याची भाषा विचाराची भाषा कशी झाली. आता हा प्रश्न आपल्याला ओळखीचा वाटतोय ना? वाटायलाच हवा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात दुसरं काय चाललं होतं.

मग माझं सुरू झालं तारखा जुळवणं. कूरलांडमध्ये वेठबिगारी १८१७ ला संपली, लिवोनियामध्ये १८१९ ला (दोन्ही तिथले तेव्हाचे प्रांत), आणि बरोब्बर मध्ये १८१८ ला आपली पेशवाई. पहिलं लात्वियन वर्तमानपत्र 'लात्विएशु आवीजेस' १८२२ चं, येलगावा गावातून निघायचं, चालवणारे जर्मन पाद्री, आपलं 'दर्पण' १८३२ चं. आणि कहर म्हणजे रिगात पहिला मोठा गीत-महोत्सव झाला १८७३ ला, त्याच वर्षी इथे पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. मी हे सगळं एका तक्त्यात रंगीत पेनांनी मांडून गाईडमॅडमना दाखवायला गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "कॅलेंडर छान झालंय. थीसिस कुठंय?"

त्या दिवशी फार लागलं मनाला पण बाईंचं बरोबर होतं. तारखा जुळल्याने काही सिद्ध होत नाही, दोन ठिकाणी एकाच वर्षी पाऊस पडला इतकाच त्याचा अर्थ. जुळलेल्या तारखांच्या खाली जिथे दोन गोष्टी *जुळत नाहीत* तिथे प्रश्न सापडतो. उदाहरण देते. गार्लीब मेर्केल म्हणून एक होता, जर्मन पाद्र्याचा मुलगा, त्याने १७९६ मध्ये 'दी लेटेन' म्हणजे 'लात्वियन लोक' हे पुस्तक लाइप्झिगमधून काढलं आणि जमीनदारांची सालटी काढली. वाचताना सारखा 'शेतकऱ्याचा असूड' आठवतो, तोच संताप, तसाच थेट हल्ला. पण मेर्केल लिहितो जर्मनमध्ये, जर्मन वाचकासाठी, शेतकऱ्याच्या वतीने. फुले मात्र शेतकऱ्यांतूनच उठून त्याच्याच बोलीत लिहितात. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याच्या युक्तिवादात आणि स्वतःसाठी बोलणाऱ्याच्या युक्तिवादात नेमका काय फरक पडतो, ज्ञानाचा दावा बदलतो का, नैतिक अधिकार बदलतो का, हा झाला तत्त्वज्ञानाचा प्रश्न. आणि हा प्रश्न पुण्याच्या पोराला सुचणं जास्त सोपं आहे, कारण त्याने असूड शाळेत नाहीतर कॉलेजात कुठेतरी वाचलेला असतो. आपल्याकडे तिकडच्यांपेक्षा जास्तीचं जे आहे ते हेच, ते सोडून तुम्ही नुसतं "लात्वियातील कांटचा प्रभाव" असलं काही घेतलंत तर जर्मनीतला कुठलाही पोरगा तुमच्यापेक्षा बरं करेल, त्याची भाषाच आहे ती.

अजून एक जागा दाखवते, हवी तर घ्या, मी नाही घेतलेली. क्रिश्यानिस वाल्देमार्स हा १८५० च्या दशकात आजच्या एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात (तेव्हा डोरपाट म्हणायचे) शिकत होता. त्या काळी लात्वियन माणूस शिकला की तो आपोआप 'जर्मन' व्हायचा, तसंच गृहीत धरलेलं. याने आपल्या खोलीच्या दारावर कार्ड लावलं, नाव, कुठल्या विषयाचा विद्यार्थी, आणि पुढे एक शब्द, 'लात्वियन'. बास. त्या एका शब्दाची गोष्ट लात्वियात अजून सांगतात. शिकलेला आणि तरीही लात्वियन, हे एका माणसात बसू शकतं असा तो दावा होता. अस्मितेवर शंभर पानं लिहायची तर त्या कार्डावर लिहा.

ओव्या आणि चिठ्ठ्या

हा भाग जरा लांबेल, माझा जीव यात अडकलाय.

क्रिश्यानिस बारोन्स (तिकडे क्रिश्यानिस फार, आपल्याकडे विनायक असतात तसे) मॉस्कोत शिकवण्या करून जगायचा आणि उरलेला वेळ लात्वियन लोकगीतं लावत बसायचा. या गीतांना दाइना म्हणतात, बहुतेक चार ओळींची असतात. ब्रीव्झेमनिएक्स नावाच्या मित्राने जमवायला सुरुवात केली होती, नंतर ते काम बारोन्सच्या गळ्यात पडलं. गावोगावच्या लोकांनी पोस्टाने गाणी पाठवायची, याने प्रत्येक गाणं वेगळ्या चिठ्ठीवर घ्यायचं आणि विषयवार लावायचं. १८८० मध्ये त्याने त्यासाठी मुद्दाम कपाट बनवून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात 'लात्व्यू दाइनास' छापून झालं, त्यात २,१७,९९६ गीतं आहेत. हा आकडा लात्वियात शाळकरी पोरं सांगतात.

मी ते कपाट रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहिलं. दौगावा नदीच्या काठावर काचेचा डोंगर उभा केल्यासारखी इमारत आहे, २०१४ मध्ये उघडली, त्यात हे तपकिरी लाकडाचं कपाट, अगदी घरगुती, आपल्याकडे जुन्या वैद्यांकडे असायचं तसं खणाखणांचं. चिठ्ठ्या पीएमटीच्या जुन्या तिकिटाएवढ्या. युनेस्कोने २००१ मध्ये 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' मध्ये घेतलंय ते. मी तिथे उभी राहिले आणि मला येरवडा आठवलं.

येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, तिथे सुमारे १ कोटी चिठ्ठ्या आहेत, प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुठे कसा आलाय. एमएला असताना एका दुपारी मैत्रिणीबरोबर ते बघायला गेले होते, जुन्या कागदाचा तो वास, ती शांतता, कपाटांच्या रांगा. रिगाला जायच्या आधी तुम्ही पण तिथे जाऊन या, रीतसर परवानगी काढून. चिठ्ठी म्हणजे काय ते बघितल्याशिवाय या विषयातलं काही कळणार नाही, कारण कुठली चिठ्ठी कुठल्या खणात टाकायची हे ठरवताना जो विचार होतो तोच खरा दडलेला सिद्धांत असतो. बारोन्सने गाणी माणसाच्या आयुष्याप्रमाणे लावली, जन्म, बालपण, काम, लग्न, मरण. का? दुसरं काही शक्य होतं का? यावर बोलता येतं, खूप बोलता येतं.

आणि दुसरीकडे पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं केवढं काम करून ठेवलंय, १ लाखाच्या वर ओव्या आहेत, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाईटवर आता ऐकायलाही मिळतात. लात्वियन दाइनांमध्येही जात्याची गाणी आहेत बरं का, पहाटे दळणाऱ्या बाईची. मी एक वाचून दाखवली तर माझी आजी म्हणाली, "हे तर आपलंच की." नाही आजी, आपलं नाहीये, पण का वाटतं आपलं हा प्रश्न खरा आहे. लोकगीताला तत्त्वज्ञान म्हणायचं का यावर लात्वियातही वाद आहे, काही जण दाइनांतून अख्खी जीवनदृष्टी काढतात आणि काही जण म्हणतात तुम्ही हेर्डरचा रोमँटिक चष्मा घालून बघताय, गाणारणीला काय म्हणायचं होतं ते कुणी विचारलंय? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं पण तुम्ही तुमचं ठरवा.

भाषा, म्हणजे खरी मेहनत

इथे लोक गळतात. सरळ सांगते, जर्मन आल्याशिवाय या विषयाला हात लावू नका. विसाव्या शतकापर्यंतचं निम्मं-अधिक साहित्य जर्मनमध्ये आहे, लात्वियन विचारवंतांनीही जर्मनमध्ये लिहिलंय. पुण्यात जर्मनची चंगळ आहे, बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवन आहे, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, गल्लोगल्ली क्लासेस आहेत. बी२ पातळीपर्यंत (ए१ पासून चौथी पायरी) तरी करा. फक्त एक, क्लासमध्ये जे जर्मन शिकवतात ते इंजिनिअरिंगला म्युनिकला जाणाऱ्यांसाठी असतं, ट्रेनचं तिकीट आणि अपार्टमेंटची जाहिरात, हेर्डरचं अर्ध्या पानाचं वाक्य त्यातून सुटत नाही, ते वेगळं बसून वाचावं लागतं. रशियन जमलं तर वाचण्यापुरतं करा, सोव्हिएत काळासाठी लागतं, तेही रानडेत शिकवतात.

लात्वियन शिकवणारं मला पुण्यात कुणी सापडलं नाही. ऑनलाईनच करावं लागलं, लात्वियन भाषा एजन्सीचं फुकट साहित्य आहे, त्यावर सुरुवात केली, आणि 'तेझाउर्स' नावाचा ऑनलाईन शब्दकोश आहे, तो ब्राऊझरमध्ये कायम उघडा ठेवायचा. सात विभक्त्या आहेत, घाबरू नका, तुम्ही दहावीला संस्कृत घेतलं असेल तर रामः रामौ रामाः म्हणणारं तोंड आहे तुमचं, जर्मन पोरांपेक्षा आपल्याला हे सोपं जातं खरंच. शब्दही ओळखीचे भेटतात, दिएव्स म्हणजे देव, उगुन्स म्हणजे अग्नी, आत्स म्हणजे डोळा म्हणजे अक्षि, आसारा म्हणजे अश्रू, दूमी म्हणजे धूर म्हणजे धूम, माते म्हणजे आई.

आणि हो, हे शब्द फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मी टाकले, तासाभरात काकांचा फॉरवर्ड आला की बघा जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. बहिणी आहेत हो त्या, एकमेकींच्या आया नाहीत. हे समजावण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि काकांचं मत होतं तिथेच आहे.

आता लिपी. जुनं लात्वियन फ्राक्टूर नावाच्या काटेरी जर्मन टायपात छापलंय आणि स्पेलिंगही वेगळं, आजची पद्धत १९२० च्या दशकात आली. जुन्या पद्धतीत व्हीच्या जागी डब्ल्यू, दोन ई लागोपाठ आले की 'इए' वाचायचं, दीर्घ स्वर दाखवायला पुढे एच घालायचे, म्हणजे माते हा शब्द मधोमध एच घालून छापलेला असतो. एस हे अक्षर तर एफसारखं दिसतं. पहिल्या महिन्यात डोकं उठतं. ज्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केलाय त्यांना ही वेदना माहितीये, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, इथे दीर्घाला एच. माझा उपाय मोडीवाल्यांचाच, रोज एक पान, अर्थ कळो न कळो, मोठ्याने वाचायचं आणि हाताने उतरवायचं. दीड-दोन महिन्यांत बसतं.

हे सगळं का करायचं तर पेरिओडिका नावाच्या साईटवर लात्वियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं स्कॅन करून टाकलीत, सदाशिव पेठेतल्या खोलीत रात्री बारा वाजता बसून तुम्ही १८६२ चं 'पेतेर्बुर्गास आवीजेस' वाचू शकता. पण सर्चमध्ये आजचं स्पेलिंग टाकलंत तर निम्मं सापडतच नाही. एकेक शब्द नव्या-जुन्या दोन्ही स्पेलिंगने शोधायचा, आणि एस आणि एफची मशीनने केलेली गफलत धरून तिसऱ्यांदा शोधायचा. माझं पूर्ण दुसरं प्रकरण या तिसऱ्या सर्चमधून निघालंय, कुणाला सांगू नका.

माणसं पांगलेली आहेत, कागदही

लात्विया स्वतंत्र झाला १९१८ मध्ये, विद्यापीठ १९१९ मध्ये, म्हणजे लात्वियन भाषेत तत्त्वज्ञान शिकवणारी पहिली पिढी या वीस वर्षांत तयार झाली. त्याआधी एक येकाब्स ओसिस होता, तार्तूला प्राध्यापक. या पिढीतला मोठा माणूस तेओदोर्स त्सेल्म्स, जर्मनीत फ्रायबुर्गला हुसेर्लकडे (फेनॉमेनॉलॉजी म्हणजे अनुभव जसा येतो तसा तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाचा प्रवर्तक) शिकून आला आणि १९२८ मध्ये त्याने हुसेर्लच्याच चिद्वादावर (आयडियालिझम) जर्मनमध्ये पुस्तक लिहिलं. मुद्दा असा की हुसेर्ल 'मी एकटाच आहे' या विहिरीतून बाहेर पडतो असं म्हणतो पण प्रत्यक्षात अनेक विहिरी खणतो, प्रत्येक विहिरीत एक एकटा माणूस (विहीर माझी, त्याने 'अनेकवचनी सोलिप्सिझम' म्हटलंय). १९३१ मध्ये त्याचं स्पॅनिश भाषांतर झालं. आपल्याकडे फेनॉमेनॉलॉजी शिकवतात तिथे याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मग १९४० सोव्हिएत, १९४१ नाझी, १९४४ पुन्हा सोव्हिएत. त्सेल्म्स देश सोडून गेला, शेवटी अमेरिकेत शिकवलं. पाउल्स युरेविच्स, फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँचा अभ्यासक, ऑस्ट्रेलियाला पोचला. झेंता माउरिन्या, लहानपणी पोलिओ झालेली, व्हीलचेअरवरून १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवलेली बाई, जर्मनीमार्गे स्वीडनला. तिचा नवरा कोन्स्तान्तीन्स राउदिवे, ज्याने 'डॉन किहोते' ही स्पॅनिश कादंबरी लात्वियनमध्ये आणली, तो म्हातारपणी टेपरेकॉर्डरवर मेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात म्हणून हजारो नोंदी करत बसला, तो विषय फार मोहात पाडतो पण त्यावर पीएचडी मागायला जाऊ नका, आरआरसीला आधीच आपल्यावर संशय असतो. जे देशातच राहिले त्यांचं काय झालं त्याचं एक उदाहरण, रिगात काही जण घरी जमून फ्रेंच साहित्य वाचायचे, गप्पा मारायचे, त्यांना १९५१ मध्ये त्यासाठी अटक झाली. नुसतं वाचल्याबद्दल.

करिअरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तुमची कागदपत्रं एका गावात नाहीत. रिगा आहे, पण जर्मनीत मारबुर्गला हेर्डर इन्स्टिट्यूट आहे, १९५० चं, बाल्टिक विषयावर तिथे प्रचंड संग्रह आहे आणि फेलोशिपही देतात. मी तर म्हणेन रिगाच्या आधी मारबुर्ग बघा, जर्मन येत असेल तर तिथे काम भराभर होतं.

पोटापाण्याचं

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. हा विषय भारतात कुणीच शिकवत नाही असं धरून चला. "लात्वियन बौद्धिक इतिहास" म्हणून जागेची जाहिरात तुमच्या आयुष्यात निघणार नाही. तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून लागणार, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शनं शिकवणार, आणि लात्विया ही संशोधनाची बाजू. म्हणून नेट तत्त्वज्ञानात, मन लावून, न्याय-वैशेषिक आणि वेदांतासकट. सेटही (राज्याची पात्रता परीक्षा) द्या, ती तर आपलंच विद्यापीठ घेतं. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, शिवाय किरकोळ खर्चाला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००, त्यात रिगाच्या विमानाचं एक चाक येतं. जेआरएफला वयाची अट असते त्यामुळे "आधी जर्मन पूर्ण करते मग नेट" हा घोळ मी घातला तसा घालू नका. दोन्ही एकदम चालू द्या. आयसीपीआरच्याही (भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद) फेलोशिप असतात, नजर ठेवा.

पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६, पुढे पुनर्नोंदणीवर २ वाढतात, बायकांना त्यावर आणखी सवलत आहे, आणि खरं सांगू का या विषयाला ती लागते, कारण पहिलं दीड वर्ष भाषेत जातं आणि सहामाही प्रगती अहवालात "फ्राक्टूर वाचायला शिकले" असं लिहिलं की समोरचा गोंधळतो. मी लिहायचे "प्राथमिक साधनांचे लिप्यंतर व विश्लेषण". तेच आहे ते.

आरआरसीत टॉपिक परत आला म्हणाले ना, दुसऱ्या वेळेला मी शीर्षकातून लात्विया मागे ढकललं. आधी होतं "लात्वियन विचारपरंपरेतील लोकगीते", नंतर केलं "लोकगीत आणि ज्ञानाचा दावा: दाइना व ओवी यांचा तुलनात्मक अभ्यास". पाच मिनिटांत पास. एका सरांनी तर स्वतः दोन ओव्या म्हणून दाखवल्या. तेच काम, फक्त समोरच्याला उभं राहायला ओळखीची जमीन दिली. गाईड तुम्हाला लात्वियावरचा मिळणार नाहीच, तेव्हा युक्तिवाद तपासणारा कडक गाईड घ्या आणि लात्वियाचं कोण तपासणार तर रिगातला एखादा अभ्यासक, मेलवर.

छापायचं कुठे? मराठीत 'परामर्श' हे नियतकालिक आहे, आपल्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं, तिथे पहिला लेख मराठीत लिहा, मराठीत लिहिताना कळतं आपल्याला किती कळलंय. इंग्रजीत 'जर्नल ऑफ बाल्टिक स्टडीज' आहे, 'स्टडीज इन ईस्ट युरोपियन थॉट' आहे. युजीसीने केअर लिस्ट (मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद केली तरी मुलाखतीत अजून केअर-केअर करतात, हसून ऐकून घ्यायचं. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, या विषयात जगभरात मोजकी माणसं आहेत, सगळी एकमेकांना ओळखतात.

पोस्टडॉकला मारी क्युरी फेलोशिप आहे युरोपियन युनियनची, पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आत. त्यात एक मेख आहे, ज्या देशात जायचंय तिथे त्याआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे पीएचडी करताना उत्साहात दीड वर्ष रिगात काढलंत तर पुढचं दार स्वतःच लावून घेतलंत. छोट्या छोट्या फेऱ्या मारा. मी सहा आठवड्यांची एक मारली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कॉलेजच्या दिवाळीच्या सुट्टीला जोडून. सीएचबी असल्यामुळे न घेतलेल्या तासांचे पैसे गेले. घेतलेल्या तासांचेही वेळेवर येत नाहीत, त्यामुळे फार फरक नाही पडला.

रिगाला पहिला मेल

छोटा लिहा. तुम्ही कोण, काय वाचलंय, आणि एकच नेमका प्रश्न, ज्याचं उत्तर पेरिओडिकावर मिळत नाही. "मला लात्वियाच्या तत्त्वज्ञानाबद्दल मार्गदर्शन करावे" असा मेल आला तर मीसुद्धा उत्तर देत नाही. पहिली ओळ लात्वियनमध्ये लिहा, चुकली तरी चालेल, नमस्काराला 'लाबदिएन'. माणसं गुळगुळीत नाहीत, "डिअर" आणि "वॉर्म रिगार्ड्स" चा मारा करणारी नाहीत, दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं तर ते रागावलेत असं समजू नका, कामाचं उत्तर असतं ते. आपल्या पेठांमधली माणसं आहेत म्हणा ना.

आणि २३-२४ जूनच्या आसपास पाठवू नका. त्यांचा यानी नावाचा सण असतो, वर्षातल्या सगळ्यात लहान रात्रींचा, सगळा देश शेकोट्या पेटवायला, चीज आणि बिअर घेऊन गावाकडे पळतो आणि तिथून बरेच जण सुट्टीवरच जातात. मी पहिला मेल नेमका २२ जूनला टाकला होता. उत्तर ऑगस्टच्या मध्यावर आलं, दोन ओळी, दुसरी ओळ पूर्ण लात्वियनमध्ये, तेझाउर्स उघडून लावली तेव्हा कळलं, स्कॅन जोडलाय, पान ४१ फाटलेलं आहे. ते पान मारबुर्गच्या प्रतीत असावं असा माझा अंदाज आहे, पुढच्या मे महिन्यात जातेय बघायला.